दोनशे किलोमीटर आणि पाच वेळची नमाज

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. शाबान महिना चालू होता आणि रमजान तीन आठवड्यांवर आला होता. हडपसरच्या एका मैदानाच्या कोपऱ्यात, दोन सायकलींच्या आडोशाला चादर अंथरून आम्ही फज्रची नमाज अदा केली. वुजू घरूनच करून निघालो होतो. फज्रची वेळ सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती आणि सहाला सायकली सुटणार होत्या. सलाम फेरून उठलो तर साठ-सत्तर जण हेल्मेट घालून, अंगावर चमकणारी जाकिटं चढवून रांगेत उभे होते. आम्हीही जाऊन उभे राहिलो. समोर दोनशे किलोमीटर होते, हडपसर ते भिगवण आणि परत. त्यासाठी साडेतेरा तास मिळणार होते.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. दोघांचीही चाळिशी उलटलेली, घरी दोन मुलं आणि अम्मी. आमच्यातला एक सोलापूरचा, एक चिपळूणची. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून जिथे वेगळं सांगायची वेळ येईल तिथे 'सोलापूरवाला' आणि 'कोकणातली' असं म्हणू.

ही शर्यत नव्हे

अशा सायकल प्रवासाला 'ब्रेव्हे' म्हणतात. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ प्रमाणपत्र. 1891 साली फ्रान्समध्ये 'ल पेति जुर्नाल' या वर्तमानपत्राचे संपादक पिएर जिफार यांनी पॅरिसहून ब्रेस्त या बंदरापर्यंत आणि परत, असा सुमारे 1200 किलोमीटरचा सायकल प्रवास भरवला. दोनशेहून अधिक लोक निघाले. शार्ल तेराँ हा पहिला आला, 71 तास 22 मिनिटांत, तेही रात्री न झोपता. तोच प्रवास आज दर चार वर्षांनी होतो आणि 90 तासांत पुरा करावा लागतो. 2023 मध्ये जगभरातून सहा हजारांहून अधिक लोक त्यात उतरले. तिथे जायचं तर आधी आपापल्या देशात 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरचे ब्रेव्हे पूर्ण करावे लागतात. 1904 मध्ये स्थापन झालेला ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ हा क्लब जगभरच्या या प्रवासांची नोंद ठेवतो. आपल्याकडे हे काम ऑडॅक्स इंडिया रँडोनियर्स पाहते. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांतून असे प्रवास होत असतात.

यात पहिला, दुसरा असा नंबर नसतो. सात तासांत आलेला आणि साडेतेरा तासांत आलेला, दोघांचं प्रमाणपत्र सारखंच. निघताना हातात एक कार्ड मिळतं. वाटेत ठरलेल्या ठिकाणी त्यावर वेळ आणि शिक्का घ्यायचा. प्रत्येक ठिकाणाची उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ ठरलेली असते. शंभराव्या किलोमीटरचं ठिकाण सहा तास चाळीस मिनिटांनी, म्हणजे आमच्या हिशेबानं 12 वाजून 40 मिनिटांनी बंद होणार होतं. एक मिनिट उशीर झाला तरी प्रमाणपत्र नाही. बाहेरच्या कोणी गाडीतून मागेमागे येऊन पाणी द्यायचं नाही, सायकल दुरुस्त करून द्यायची नाही. सायकलस्वारांनी एकमेकांना मदत केलेली मात्र चालते. अंधारात पुढे-मागे दिवा आणि चमकणारं जाकीट हवंच.

सायकल परत घरात आली

सोलापूरवाल्याच्या घरी सायकल हे कधीच शौकाचं साधन नव्हतं. अब्बांचं सायकलचं दुकान होतं. तासावर सायकली भाड्यानं द्यायच्या, पंक्चर काढायचं, चाकाचं आउट काढायचं. सोलापुरात गिरण्या चालू होत्या तोवर दुकान बरं चाललं. गिरण्या बंद पडत गेल्या, रस्त्यावर मोटरसायकली वाढल्या आणि शेवटी दुकानात फक्त पंक्चरचं काम उरलं. त्याच कामावर अब्बांनी तीन मुलं शिकवली.

शाळेत 'पंक्चरवाल्याचा' म्हणून हाक पडायची. ती एका मुलाला मारलेली हाक होती. आता हाच शब्द मोबाइलवर अख्ख्या समाजाला टोमणा म्हणून फिरतो, हे वाचकांना आम्ही वेगळं सांगायला नको. कॉलेजात गेल्यावर सोलापूरवाला वडिलांचा व्यवसाय सांगताना 'ऑटोमोबाइलचं काम' असं सांगू लागला. अब्बांना ते कळलं होतं की नाही, ठाऊक नाही. कळलं असेल तरी ते कधी बोलले नाहीत.

अब्बांना साखरेचा आजार होता. पायाला जखम झाली, ती चिघळली, गुडघ्याखालून पाय काढावा लागला आणि त्यानंतर दोन वर्षांनी ते अल्लाहला प्यारे झाले. गेल्या वर्षी सोलापूरवाल्याच्या रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर 6.2 निघाली. 5.7 ते 6.4 म्हणजे आजाराच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, "गोळी आज देत नाही. वजन उतरवा, चाला, पोहा, काहीही करा, पण रोज करा."

कोकणातली म्हणाली, "अहो, तुम्हाला चालायचा कंटाळा. सायकल तरी येते ना?"

घरात हे निघाल्यावर सगळ्यात मोठा विरोध अम्मींचा झाला. सुनेनं सायकल चालवावी की नाही हा मुद्दा नंतरचा होता. आधी त्या मुलावर चिडल्या. "तुझ्या अब्बांनी जन्मभर सायकली दुरुस्त केल्या त्या कशासाठी? तू गाडीतून फिरावंस म्हणून. आणि तू पुन्हा सायकलवर बसणार?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही डॉक्टरांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. तो पाहून त्या गप्प झाल्या. अब्बांच्या पायाचे कागदही त्यांनीच सांभाळून ठेवलेले आहेत.

लोक काय म्हणाले, मौलाना काय म्हणाले

मोहल्ल्यात कुजबूज झाली. बाईमाणूस आणि रस्त्यावर सायकल? दोन-तीन जणी घरी येऊन अम्मींना भेटून गेल्या. आम्ही सरळ आमच्या मशिदीच्या मौलानांकडे गेलो. सोबत नवरा आहे, कपडे सैल आणि अंग झाकणारे आहेत, नमाज चुकणार नाही, तर हरकत कोणती, असं त्यांनीच उलट विचारलं. हुजूर (सल्ल.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी धावण्याची शर्यत लावल्याचा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. पहिल्यांदा हजरत आयेशा (रजि.) जिंकल्या होत्या, पुढे एकदा हुजूर (सल्ल.) जिंकले. "बायकोबरोबर हसतखेळत व्यायाम करणं ही काही नवीन गोष्ट नाही," मौलाना म्हणाले.

मग आम्ही खरा प्रश्न विचारला. प्रवासातल्या नमाजेचं काय? सोलापूरवाला हनफी, कोकणातली शाफई. हनफी मसलकात 48 मैल, म्हणजे सुमारे 77 किलोमीटर दूर जायचं असेल तर वस्तीची हद्द ओलांडल्यावर माणूस मुसाफिर होतो आणि चार रकअत फर्जऐवजी दोन पढतो. शाफईंचं अंतर थोडं जास्त, 80 किलोमीटरच्या पुढे. भिगवण या दोन्हींत बसत होतं. पण शाफईंना प्रवासात जुहर आणि अस्र एकत्र पढायची सवलत आहे, हनफींना ती नाही. म्हणजे कोकणातली भिगवणला दोन्ही नमाजा उरकणार आणि सोलापूरवाल्याला अस्रसाठी पुन्हा थांबावं लागणार. मगरिब दोघांनाही वाटेतच पढावी लागणार होती, कारण तिच्या तीन रकअत कमी होत नाहीत आणि इशाच्या आधी आम्ही घरच्या हद्दीत येणार होतो.

"तुमच्या दहा मिनिटांनी माझं कार्ड जायला नको," कोकणातली म्हणाली. तेव्हा ती थट्टा होती.

तयारी

पहिल्या दिवशी आठ किलोमीटरमध्ये दम लागला. फज्रनंतर रोज पाऊण तास आणि रविवारी लांबचा पल्ला, असं सहा महिने चाललं. पल्ला हळूहळू वीस, चाळीस, साठ आणि शंभरावर नेला. पाव भरपेट आणि बिर्याणी वाढून-वाढून, ही आमच्या घरची रीतही बदलली. शेवटच्या तपासणीत साखर 5.8 आली. सायकलबरोबर जेवणही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय सायकलला देत नाही.

बहिणींसाठी कपड्यांचं नीट सांगतो. गुडघ्यापर्यंतचा सैल, पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता, खाली सैल ट्रॅक पँट. दुपट्टा नको, तो चाकात जातो. डोक्याला पातळ सुती स्कार्फ, टोकं आत खोचलेली, त्यावर हेल्मेट. जाड कापड घातलं तर हेल्मेट नीट बसत नाही आणि पडल्यावर उपयोगी पडत नाही. पँटचा पाय साखळीकडच्या बाजूनं रबरानं बांधायचा. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या निर्वासित संघातून अफगाणिस्तानची मासोमा अली जादा हेल्मेटखाली स्कार्फ बांधूनच सायकल चालवत होती. आमच्या मुलीनं तिचं छायाचित्र कपाटाच्या दारावर चिकटवलं आहे.

निघायच्या आदल्या रात्री अम्मींनी न सांगता डबा बांधला: खजूर, शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. डब्याबरोबर एक छोटी पत्र्याची पेटी ठेवली. तिच्यात अब्बांचे टायर काढायचे दोन लोखंडी पाने, घासायचा कागद आणि ठिगळं होती. ठिगळं जुनी, वाळून कडक झालेली. "ठिगळं आणि सोल्युशन नवं घे," एवढंच त्या म्हणाल्या.

जाताना

सोलापूर महामार्ग सपाट आहे. लोणी काळभोर, महात्मा गांधींनी 1946 मध्ये निसर्गोपचार आश्रम सुरू केलेलं उरुळी कांचन, मग यवत. सकाळच्या थंडीत पाय आपोआप फिरत होते. जोराचे सगळे पहिल्या अर्ध्या तासातच दिसेनासे झाले. त्यांच्या मागे न लागण्याचं आम्ही आधीच ठरवलं होतं. दर पाऊण तासाला दोन खजूर, तासाला एक बाटली पाणी. भूक लागायच्या आधी खायचं आणि तहान लागायच्या आधी प्यायचं. नंतर कितीही खाल्लं तरी गेलेला जोर परत येत नाही.

रस्त्याच्या कडेनं चालवताना खरा धोका उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटरसायकलींचा. दुसरी अडचण बायकांची. पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह असतं, पण एका ठिकाणी ते कुलूपबंद होतं आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नव्हतं. कोकणातलीला पुढच्या पंपापर्यंत आठ किलोमीटर जावं लागलं. पाणी कमी पिऊन हा प्रश्न सोडवू नका, चक्कर येते.

पाटस, कुरकुंभ मागे पडलं. उजवीकडे-डावीकडे ऊस आणि उसानं भरलेले ट्रॅक्टर. 12 वाजून 5 मिनिटांनी भिगवणला शिक्का मिळाला. 35 मिनिटं हाताशी होती. उजनी धरणाचा फुगवटा इथपर्यंत येतो आणि हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला मुलांना घेऊन पुन्हा येऊ म्हटलं. चिलापीच्या कालवणाचा वास येत होता, पण वरण-भातावर भागवलं, कारण तिखट-तेलकट खाऊन पुढे सायकल चालवणं जड जातं. पावणेएकनंतर जुहरची वेळ झाली. सोलापूरवाल्यानं दोन रकअत पढल्या. कोकणातलीनं जुहरच्या दोन आणि लगेच अस्रच्या दोन. एक वाजता परत फिरलो.

येताना

परतीचा रस्ता तोच, पण तो वेगळाच वाटला. पुणे भिगवणपेक्षा साठेक मीटर उंचावर आहे. हा चढ डोळ्यांना दिसत नाही, पण मांड्यांना कळतो. त्यात दुपारी पश्चिमेचा वारा समोरून सुरू झाला. आम्ही पाळीपाळीनं पुढे राहिलो. पुढचा वारा अंगावर घेतो आणि मागच्याला थोडी विश्रांती मिळते.

तीन वाजून दहा मिनिटांनी, पाटसच्या अलीकडे, एक कॉलेजचा मुलगा रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून बसला होता. बरोबर आणलेल्या दोन्ही ट्यूब त्यानं बदलल्या होत्या आणि दोन्ही पुन्हा बसल्या होत्या. आमच्या ट्यूब त्याच्या चाकाला लागत नव्हत्या. डोळे भरून आले होते पोराचे. "जा काका तुम्ही, तुमचा वेळ जाईल," तो म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हिशेब दोघांच्याही डोक्यात होता: 62 किलोमीटर बाकी, चार तास वीस मिनिटं, त्यातून दोन नमाजा. कोकणातलीनंच सायकल स्टँडला लावली.

सोलापूरवाल्यानं अब्बांची पेटी काढली. ट्यूबला हात लावण्याआधी टायरच्या आतून हळूहळू बोट फिरवलं. अब्बांचं पहिलं शिकवणं हेच होतं, की आधी चोर शोध, मग भोक बुजव. केसाएवढी बारीक पोलादी तार टायरमध्ये रुतली होती. ट्रकचे टायर फुटून अशा तारा महामार्गावर पडतात. तीच तार एकामागून एक ट्यूब भोसकत होती. ती काढली. ट्यूबमध्ये हवा भरून ओठांजवळ धरून भोक शोधलं, घासलं, सोल्युशन लावलं आणि थांबलो. सोल्युशन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत ठिगळ लावायचं नसतं. लवकर लावलं की ते सुटतं. मुलगा घड्याळ पाहत होता, आम्हीही.

"काका, हे कुठे शिकलात?" त्यानं विचारलं.

"आमच्या अब्बांचं दुकान होतं सोलापुरात. पंक्चरचं."

सोलापूरवाल्यानं हे वाक्य अनोळखी माणसासमोर किती वर्षांनी उच्चारलं, ते कोकणातलीला माहीत आहे. लग्नाच्या वेळी तिच्या घरीही 'ऑटोमोबाइल'च सांगितलं होतं. मुलाला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. "भारी," तो म्हणाला आणि पंप हातात घेतला. 25 मिनिटं गेली होती.

पाच वाजायच्या जरा आधी यवतच्या अलीकडे अस्रची वेळ झाली. सोलापूरवाला एका पंपामागच्या लिंबाखाली उभा राहिला. कोकणातलीनं तेवढ्यात बाटल्या भरल्या आणि दिवे तपासले. त्यानंतर उरुळीपर्यंत ती जवळजवळ सगळा वेळ पुढे राहिली. तो मागे गुमान चाक धरून होता, कारण त्याचे पाय संपले होते. थट्टेतली दहा मिनिटं तिनं एकदाही काढली नाहीत.

थेऊर फाट्याच्या आसपास सूर्य मावळला. 6 वाजून 34 मिनिटं, 13 किलोमीटर बाकी. इथे एक क्षण मन डळमळलं, हे प्रामाणिकपणे लिहितो. मगरिबची वेळ इशापर्यंत असते, पोहोचून पढली तरी ती वेळेतच होईल, असं मन सांगू लागलं. पण साडेसातला पोहोचून, गर्दीतून, कागदपत्रं उरकून जागा शोधेपर्यंत इशाची अजान झाली असती. एका बंद दुकानाच्या ओट्यावर चादर टाकली. सकाळी मौलानांना दिलेला शब्द आठवत होता, असं म्हटलं तर छान दिसेल, पण खरं म्हणजे पाठ टेकायला मिळाल्यासारखा सजदा वाटला. उठलो तेव्हा हातात 47 मिनिटं होती.

ते शेवटचे 13 किलोमीटर आम्ही काहीच बोललो नाही. वारा पडला होता, वाहनांची गर्दी वाढली होती. 7 वाजून 24 मिनिटांनी कार्डावर शेवटचा शिक्का पडला. सहा मिनिटं उरली होती. तो मुलगा आमच्या आधी पोहोचून चहा घेऊन उभा होता. अल्हम्दुलिल्लाह.

ज्यांना यावंसं वाटतं त्यांच्यासाठी

महागड्या सायकलीची गरज नाही. आमच्या दोन्ही साध्या गिअरच्या आहेत आणि एक जुनी घेतलेली आहे. आपल्या उंचीची सायकल, नीट ब्रेक, हेल्मेट आणि दिवे यांवर खर्च करा. साखर, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साखरेची औषधं चालू असताना लांब सायकल चालवली तर साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून खिशात गोड असू द्या. पंक्चर काढायला शिका आणि मुलामुलींनाही शिकवा. नमाजेच्या वेळा आदल्या दिवशी कागदावर लिहून घ्या आणि थांबण्याच्या जागा त्याप्रमाणे ठरवा. प्रवासाच्या मसल्यांबाबत आपापल्या मसलकाच्या आलिमांना विचारून निघा.

घरी पोहोचलो तेव्हा अम्मी जाग्या होत्या. इशा पढून त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी मेडल-प्रमाणपत्राचं विचारलं नाही. प्रमाणपत्र फ्रान्सहून मंजूर होऊन यायला वेळ लागतो, हे त्यांना सांगायची वेळच आली नाही. त्यांनी पेटी उघडून पाहिली.

"ठिगळ लागलं का?"

"लागलं. दुसऱ्याच्या सायकलला."

"पैसे घेतलेस?" अम्मींनी विचारलं, आणि अब्बा गेल्यापासून पहिल्यांदाच दुकानाच्या आठवणीनं त्या हसल्या.

रमजानात लांबचे पल्ले बंद ठेवले. इफ्तारनंतर थोडं फिरतो, तेवढंच. ईदनंतर, इन्शाअल्लाह, रविवारी फज्र झाली की हडपसरहून पुन्हा निघू. मुलगी म्हणते, पहिले वीस किलोमीटर तीही येणार. आधी तिनं पंक्चर काढून दाखवायचं, असं अम्मींनी ठरवलं आहे.